ट्रॅक डेसाठी टायर निवडताना: आधी गाडी जाणार कशी ते ठरवा

थंडीची चाहूल लागली की ट्रॅक डेच्या (रेसच्या बंद ट्रॅकवर स्वतःची मोटरसायकल चालवायच्या दिवसाच्या) तारखा जाहीर होतात आणि पाठोपाठ फोन सुरू होतात. प्रश्न एकच असतो: "दादा, सगळ्यात जास्त ग्रिप कोणत्या टायरला?" मी उलट विचारतो, "गाडी तिथवर नेणार कशी?" समोरचा गप्प होतो. मग कळतं की टायर आधीच ऑनलाइन मागवून झालाय.

मराठवाड्यात राहणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक नांदेडहून नऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. छत्रपती संभाजीनगरहून कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे बाराशेच्या वर. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट तर त्याहून वेगळ्या टोकाला. चेन्नईचा माणूस सकाळी चहा पिऊन ट्रॅकवर पोचतो, त्याच्यासाठी लिहिलेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा चालत नाही. म्हणून खालचा क्रम पाळा. टायरचं नाव तिसऱ्या टप्प्यात येतं, त्याआधी नाही.

टप्पा १: गाडी जाणार कशी आणि परत येणार कशी

तीन मार्ग आहेत.

पहिला, गाडी चालवत नेणं. नांदेडकर देगलूरवरून हैदराबाद गाठतात, संभाजीनगर-बीडकडचे धुळे-सोलापूर महामार्गाने खाली उतरतात. दोन्हीकडे लांबच लांब सरळ रस्ता. सरळ रस्त्यावर मागचा टायर फक्त मध्यभागी झिजतो. मऊ रबराचा टायर घालून निघालात तर ट्रॅकवर पोचेपर्यंत तो मध्ये सपाट झालेला असतो. मग वळणात गाडी झुकवताना सपाट भागाच्या कडेवर एक धक्का जाणवतो, गाडी आधी अडते आणि मग एकदम कलंडते. ज्या टायरसाठी पैसे मोजले, त्याचा उपयोग सोलापूर-विजयपूरच्या मध्येच संपला.

दुसरा, पिकअप किंवा रेल्वे पार्सल. चार जण मिळून पिकअप केली तर खर्च वाटला जातो. रेल्वेने पाठवायची तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं आणि पॅकिंग नीट करून घ्यावं लागतं. गाडी वेळेवर पोचेल या भरवशावर राहू नका, दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

तिसरा, रिमचा दुसरा जोड. ट्रॅकचे टायर चढवलेली दोन चाकं गाडीबरोबर पिकअपमध्ये जातात आणि रोजचे टायर घरी-ऑफिसला वापरायचे. वर्षातून तीन-चारदा ट्रॅकवर जाणाऱ्यालाच हे परवडतं.

चालवत जाणार असाल तर चौथ्या-पाचव्या वर्गाचे टायर (खाली सांगतो) आत्ताच यादीतून खोडा. यावर वाद घालणारे बरेच भेटतात. परतीच्या वाटेवर अवकाळी पाऊस लागला की तेच फोन करतात.

टप्पा २: रिम काय सांगते ते वाचा

रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप, हा आपल्याकडचा सगळ्यात चिवट गैरसमज. पल्सर एनएस २०० ला कंपनी मागे १३०/७०-१७ देते, केटीएम आरसी ३९० ला १५०/६० आर १७. एनएसच्या रिमवर दीडशेचा टायर चढवणारे मी पाहिलेत. टायर चढतो, हवाही भरते. पण अरुंद रिममुळे दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग कांद्यासारखा टोकदार होतो. मग सरळ जाताना जमिनीला लागणारं रबर कमी, झुकताना गाडी अचानक पडल्यासारखी आणि कडेचा भाग तर कधी जमिनीला टेकतच नाही. दिसायला भारी, चालवायला वाईट.

कंपनीने दिलेलाच आकार ठेवा. फार तर एक पायरी वर, आणि तीही टायरच्या कंपनीने त्या रिमच्या रुंदीला चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच. रिमची रुंदी इंचात रिमवरच कोरलेली असते. घाण पुसून वाचा.

रेडियल आणि बायस (टायरच्या आतल्या धाग्यांच्या रचनेचे दोन प्रकार) यांचा गोंधळही इथेच होतो. आकड्यांमध्ये 'आर' असेल तर रेडियल, नुसती आडवी रेघ असेल तर बायस. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी खिचडी स्वतःच्या डोक्याने करू नका. यामाहा आर१५ च्या तिसऱ्या आवृत्तीला कंपनीतूनच पुढे बायस आणि मागे रेडियल येत होता; ती जोडी कंपनीने तपासून दिली होती, आपण जुळवलेली जोडी कुणी तपासलेली नसते.

तपासा: स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), चेन आणि मडगार्ड यांच्यापासून टायर सगळीकडे मोकळा आहे ना? तापल्यावर आणि वेगात टायर थोडा फुगतो.

टप्पा ३: वर्ग ठरवा, मग नाव

वर्ग ढोबळमानाने पाच.

एक, गाडीबरोबर आलेला टायर. दोन, लांब पल्ल्याचे टूरिंग टायर, उदाहरणार्थ मिशलिन रोड मालिका. तीन, रस्त्याचे स्पोर्ट टायर: पिरेली डियाब्लो रोसो, मेट्झेलर स्पोर्टेक, मिशलिन पॉवर ५ या जातीचे. चार, ट्रॅकसाठी बनवलेले पण रस्त्यावर चालवायची परवानगी असलेले: पिरेली डियाब्लो सुपरकोर्सा, मिशलिन पॉवर कप. पाच, स्लिक, म्हणजे खाचा नसलेले, रस्त्यावर बेकायदा.

पहिल्यांदा जात असाल तर? गाडीबरोबरचेच टायर घेऊन जा. चांगल्या स्थितीत असले तर पहिल्या दिवशी तुमचं डोकं आणि हात आधी थकतात, टायर नंतर. ट्रॅकची लाइन (वळणातून जायचा मार्ग) कुठली, ब्रेक कुठे मारायचा, हे कळेपर्यंत दिवस संपतो. टायरचे पैसे दुसऱ्या दिवसाच्या फीसाठी राखून ठेवा.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला, दोनशे ते चारशे सीसीच्या गाडीला, तिसरा वर्ग. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या दहापैकी नऊ जणांचं काम इथेच भागतं. हे टायर लवकर तापतात, थंड असतानाही बऱ्यापैकी धरतात, पावसात जीव वाचवतात आणि चालवत घरी आणतात.

चौथ्या वर्गाबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. ट्रॅकचं रबर ठरावीक तापमानाच्या वर गेल्यावरच धरतं. ते तापवायला वजन, ताकद आणि जोरदार ब्रेकिंग लागतं. दोनशे सीसीची हलकी गाडी आणि नवखा चालक यांच्याकडून ते पुरेसं तापतच नाही. महागाचा टायर घालून पहिल्याच लॅपला घसरलेले लोक याच कारणाने घसरतात. सहाशे-हजार सीसीची गाडी असेल, पिकअपने नेणार असाल आणि ट्रॅक डेच्या मधल्या वेगाच्या गटात सहज चालवत असाल, तर जरूर घ्या. स्लिकसाठी टायर वॉर्मर (टायर तापवणारी विजेची पांघरुणं) हवेत, त्यांना वीज हवी आणि घालायला पाऊण-एक तास हवा. पाऊस आला तर दुसरे टायरही हवेत. तो खेळ वेगळा.

आणि "आपल्याकडे ऊन कडक, मग मऊ रबर छान तापेल" हा तर्क उलटा आहे. मेच्या दुपारी बेचाळीस अंशांत डांबर आधीच भाजत असतं. तिथे जास्त मऊ रबर तेल लावल्यासारखं घसरायला लागतं आणि झपाट्याने झिजतं. दोन कंपाउंडमध्ये (रबराच्या मिश्रणांमध्ये) निवड अडली आणि दिवस उन्हाळ्याचा असेल, तर जरा कडक घ्या.

टप्पा ४: दुकानात टायरची बाजू वाचा

पैसे देण्याआधी उजेडात नेऊन वाचायच्या गोष्टी:

तारीख. डीओटी या अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यानंतर काही आयात आकार सहज मिळेनासे झाले. जे मिळतं ते कधीकधी गोदामात वर्षानुवर्षं पडलेलं असतं. रस्त्यासाठी दोन-तीन वर्षांचा नीट ठेवलेला टायर चालून जातो. ट्रॅकसाठी मी दीड वर्षाच्या आतला मागतो.

मी स्वतः एकदा सवलतीच्या नादात मागचा टायर घेतला. दुकानदाराने चढवून दिला, मी चाक फिरवून बघितलंही नाही. घरी येऊन धुताना तारीख दिसली, टायर पाच वर्षांचा. खाचा कोऱ्या करकरीत, रबर मात्र नखाने दाबलं तर दबेना. ट्रॅकवर दुसऱ्याच सेशनला उजव्या वळणात मागचं चाक असं सुटलं की उरलेला दिवस मी पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागी) बसून काढला.

वेगाचं अक्षर. पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किलोमीटर. बुद्ध सर्किटच्या किलोमीटरभर सरळ पट्ट्यावर गाडी जितकी पळेल, त्याच्या वरचं अक्षर हवं. रोज वाळूज एमआयडीसीत ये-जा करणाऱ्या गाडीवर स्वस्तातला पी रेटिंगचा टायर असेल, तर तो ट्रॅकवर नेऊ नका.

बाण. फिरण्याची दिशा. काही टायरवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात.

आयएसआय चिन्ह. नसेल तर टायर कुठून आला ते विचारा.

सावधान: "वापरलेला रेसचा टायर, एकच वीकेंड चाललाय" अशी जाहिरात दिसली तर लांब राहा. ट्रॅकचं रबर तापून थंड होण्याच्या प्रत्येक फेरीत थोडं कडक होतं. झीज डोळ्यांना दिसते, हे कडक होणं दिसत नाही.

टप्पा ५: चढवून घेताना समोर उभे राहा

पंक्चरवाल्या मामांचा हात कितीही बसलेला असला तरी अलॉय व्हीलवर टॉमी मारून टायर चढवू देऊ नका. मशीन असलेलं दुकान गाठा. तिथेही चहाला जाऊ नका.

१. जुना व्हॉल्व काढून नवा घाला. कडक झालेला रबरी व्हॉल्व वेगात वाकून हवा सोडतो.

२. टायरवर हलक्या बाजूचा रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्वसमोर आणा.

३. हवा भरल्यावर टायरच्या बीडकडे बघा (जिल्हा नव्हे, रिमला धरणारी कड). कडेलगत एक बारीक रेषा असते. तिचं रिमपासूनचं अंतर दोन्ही बाजूंनी, सगळ्या घेरात सारखं हवं. एके ठिकाणी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा काढून पुन्हा बसवा.

४. दोन्ही चाकं बॅलन्स करा. चिकटवलेल्या वजनांवर टेप मारा.

५. मागचं चाक बसवल्यावर चेनचा ढील आणि चाकाची सरळ रेषा तपासा. एक्सलचा नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), हँडबुकच्या आकड्यावर.

पंक्चरची पातळ जेल आत असेल तर पूर्ण पुसून काढा. वेगात ती एका बाजूला जमते आणि चाक थरथरायला लागतं. स्ट्रिप टाकून जोडलेला टायर गावात फिरायला ठीक, ट्रॅकवर नाही, भोक कितीही लहान असलं तरी.

सावधान: चाक काढून बसवलं की ब्रेकचे पॅड मागे ढकललेले असतात. गाडी हलवण्याआधी पुढचा लिव्हर आणि मागचं पेडल कडक लागेपर्यंत दाबा. दुकानाच्या उतारावरूनच भिंतीला धडकलेले दोघे मला माहीत आहेत.

टप्पा ६: नवा टायर रुळवा

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि बीडला लावलेलं साबणाचं पाणी वाळायला वेळ लागतो. पहिला दिवस जोरात ब्रेक आणि जोरात थ्रॉटल दोन्ही बंद. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळूहळू झुकाव वाढवत चालवा. ट्रॅकच्या तारखेआधी निदान आठवडाभर टायर चढलेला असावा. आदल्या रात्री चढवून सकाळी निघणं ही चूक दरवर्षी कुणीतरी करतोच.

कडा घासायला मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात जाऊ नका. तिथे समोरून ट्रक येतो. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेली पाचट आणि चाकांना लागून आलेला काळ्या मातीचा चिखल तर वळणावर बरोबर तुमच्या लाइनवर असतो. कडेला न घासलेली पट्टी राहिली तर राहू द्या. ती ट्रॅकवर आपोआप जाते, नाही गेली तरी कुणी विचारत नाही.

टप्पा ७: हवेचा स्वतःचा आकडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

हवेचा दाब पीएसआय या एककात मोजतात. परदेशी व्हिडिओत सांगतात, "ट्रॅकवर हवा सहा-आठ पीएसआयने कमी करा." तो माणूस हजार सीसीच्या गाडीबद्दल बोलत असतो, जिचा रस्त्याचा आकडा पुढे ३६ आणि मागे ४२ असतो. आपल्या दोनशे-चारशे सीसीच्या गाड्यांचा एकट्याने चालवायचा आकडा मुळातच साधारण २५ ते ३२ च्या दरम्यान असतो. त्यातून आठ काढले तर टायर रिमवर लोळायला लागेल. लहान गाडीला सुरुवात हँडबुकच्या एकट्याच्या आकड्यावरून करा आणि बदल एका वेळी एक पीएसआयचाच करा. चौथ्या-पाचव्या वर्गाच्या टायरसाठी कंपनी तापलेल्या टायरचा आकडा वेगळा देते, तोच पाळायचा.

गेज स्वतःचा घ्या. पेट्रोल पंपावरचे दोन गेज एकमेकांशी जुळत नाहीत. स्वतःचा थोडा चुकीचा असला तरी प्रत्येक वेळी तेवढाच चुकतो, म्हणून तुलना करता येते.

थोडं गणित. बंद टायरमधली हवा दर दहा अंशांनी तापली की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. हिवाळ्यात पहाटे पंधरा अंशांत घरी भरलेली हवा दुपारी बत्तीस अंशांत, गाडी न चालवताही दोन-अडीचने जास्त दिसते. शिवाय संभाजीनगर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंच. तिथे भरलेला टायर चेन्नईला गेजवर जवळपास एकने कमी दिसतो. घरचा आकडा ट्रॅकवर जसाच्या तसा राहत नाही तो यामुळे. ट्रॅकवर पोचल्यावर, सावलीत, चालवण्याआधी पुन्हा मोजा. उन्हात उभ्या गाडीचा उन्हाकडचा टायर वेगळं सांगतो.

हवेऐवजी नायट्रोजन भरावा का, हे विचारणारे विचारतातच. कोरडी हवाही तापल्यावर तेवढीच वाढते. फरक पडतो तो हवेतल्या ओलाव्याने. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलेलं असलं की झालं.

टप्पा ८: ट्रॅकवर, सेशन दर सेशन

एक वही आणि पेन. मोबाइल नको, हात ग्रीसचे असतात.

पहिल्या दोन लॅप टायर तापवायला. सरळ पट्ट्यावर नागमोडी हलवून टायर तापत नाही, ब्रेक आणि थ्रॉटलच्या जोराने तापतो. ट्रॅकची वळणं एका बाजूला जास्त असतील तर दुसऱ्या बाजूची कड थंडच राहते. बराच वेळ एकाच बाजूला वळल्यानंतर येणारं पहिलं उलटं वळण म्हणूनच फसवं असतं.

पिटमध्ये आल्याबरोबर, हेल्मेट काढायच्या आधी, दाब मोजा. सोबतीला आधीच गेज देऊन उभं करा. पाच मिनिटांनी मोजलेला आकडा कामाचा नाही.

थंड आणि गरम यांतला फरक चारच्या आसपास असेल तर रस्त्याच्या स्पोर्ट टायरसाठी ठीक चाललंय. सहा-सात वाढला तर सुरुवातीला हवा कमी होती, टायर जास्त लवचत होता. पुढच्या वेळी एक वाढवा. जेमतेम एक-दोन वाढला तर हवा जास्त आहे किंवा तुम्ही अजून सावकाश चालवताय. बहुतेक वेळा दुसरं.

मग पृष्ठभाग बघा. बारीक, एकसारखी, सँडपेपरसारखी पोत चांगली. खोल, धारदार फाटे दिसले तर बहुधा वरचं रबर तापलं आणि आतलं थंड राहिलं. उथळ, चिघळल्यासारखे फाटे आणि चालवताना घसरल्याची जाणीव असेल तर टायर जास्त तापतोय. एका सेशनवरून निष्कर्ष काढू नका, सस्पेन्शनही असे फाटे पाडतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर टायर पुन्हा थंड झालेला असतो. पोट भरलेलं, डोळे जड, आणि माणूस सकाळच्या शेवटच्या लॅपच्या वेगानेच पहिलं वळण घ्यायला जातो.

टप्पा ९: परतीआधी आणि घरी आल्यावर

चालवत परतणार असाल तर हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणा. बॅग बांधली असेल तर सामानाच्या आकड्यावर. यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप सोबत ठेवा. ट्रॅकवरचा कॉम्प्रेसर संध्याकाळी कुलूपबंद असतो. खाचांची खोली मोजा. कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर लागते, पण हजार किलोमीटर घरी जायचं असेल तर त्याच्या दुपटीपेक्षा कमी असलेल्या टायरवर मी निघत नाही.

दुसरा जोड असेल तर तो ठेवण्याची जागा नीट निवडा. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे काढलेला टायर दिवाळीपर्यंत निम्मा म्हातारा होतो. घरातली आतली, अंधारी, थंड खोली बघा. इन्व्हर्टर आणि चालू मोटारीजवळ ठेवू नका, ठिणग्यांमुळे तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो. डिझेलचा कॅन, फवारणीची औषधं आणि खताची पोती यांच्या शेजारी तर अजिबात नाही. वहीतले दाबाचे आकडे आणि टायर चढवल्याची तारीख रिमला दोऱ्याने बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या थंडीत पहिल्या टप्प्यापासून विचार करताना आकडे हाताशी असतील.